उशिरा आलेला वैद्यकविद्यार्थी

वैद्यकाचे शिक्षण ऐन तारुण्यातच घ्यावे, हा समज आपल्याकडे दृढमूल आहे. परंतु तो सर्वस्वी खरा नाही. स्ट्रासबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्र शिकविणारे आल्बर्ट श्वाइट्झर १९०५ साली, वयाच्या ३० व्या वर्षी, तेथेच वैद्यकाचे विद्यार्थी झाले आणि १९१३ साली त्यांनी आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णालय उभारले.

भारतातही पदवीप्रवेशपरीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ साली दूर झाली. यावर आक्षेप असा, की प्रौढाच्या हाती सेवेची वर्षे थोडी उरतात आणि शिक्षणाच्या खर्चाचा भार मात्र समाजावर पडतो. हा हिशेब खोटा नव्हे. पदवीस साडेपाच आणि पदव्युत्तर शिक्षणास आणखी ३ वर्षे लागतात. तिशीत प्रवेश घेणारा चाळिशीच्या उंबरठ्यावर तज्ज्ञ होतो. म्हणूनच त्याने शाखा विचारपूर्वक निवडावी. दीर्घ उमेदवारी मागणाऱ्या शस्त्रक्रियेच्या उपशाखांपेक्षा कुटुंबवैद्यक, मनोविकारशास्त्र अथवा सार्वजनिक आरोग्य यांत त्याचा पूर्वानुभव अधिक फलद्रूप होईल, असे आम्हांस वाटते. ज्याने संसाराचे चटके सोसले आहेत, त्याला रुग्णाने न सांगितलेले दुःखही पुष्कळदा उमगते. वर्षांची उणीव अशा जाणतेपणाने भरून निघावी. ती जबाबदारी विद्यार्थ्याची आहे, आणि त्याला संधी नाकारू नये, ही आपली.