जपणूक की अडवणूक?

पॅरिस येथे २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२४ या काळात झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताच्या ८४ खेळाडूंच्या पथकाने ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी २९ पदके मिळवली. त्याआधी टोकियोत १९ पदके मिळाली होती, आणि टोकियोपूर्वीच्या सर्व स्पर्धांत मिळून अवघी १२. ही वाढ कौतुकास्पद आहेच. परंतु वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून मला पदकांहून अधिक कुतूहल वाटते ते त्यामागील एका प्रवासाचे. रुग्णालयाच्या खाटेवरचे शरीर मैदानापर्यंत पोहोचते कसे?

या स्पर्धांचा जन्मच मुळी रुग्णालयात झाला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचा भाग निकामी झालेले रुग्ण फार काळ जगत नसत. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्यांचा बळी घेई. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ मध्ये अशा रुग्णांचा विभाग सुरू करणारे डॉ. लुडविग गुटमन यांनी ही हतबलता नाकारली. रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे, मूत्राशयाची काटेकोर निगा राखणे आणि शक्य तितक्या लवकर त्याला हालचालीस लावणे ही त्यांची त्रिसूत्री होती. खेळ हा त्यातील औषधाचाच भाग. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ अपंग माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. आजची पॅरालिम्पिक स्पर्धा ही तिचीच वाढलेली शाखा होय.

महाराष्ट्राने या उपचारपद्धतीचे फळ फार लवकर पाहिले. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार घेत असताना व्यायामोपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. देशाने पद्मश्री दिली ती मात्र २०१८ मध्ये.

उपचार म्हणून पाणीच का? पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे शरीराचा भार बराच हलका होतो. जमिनीवर जे अवयव स्वतःचे वजन पेलू शकत नाहीत, ते पाण्यात हलू लागतात. त्याच वेळी पाण्याच्या विरोधामुळे खांदे, छाती व श्वसनाचे स्नायू यांना व्यायाम घडतो. चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. ते बळकट राहिले, तर खुर्चीतून खाटेवर वा शौचालयात जाणे त्याला स्वतःच्या बळावर साधते. सांधे आखडणे, वजन वाढणे, मधुमेह, बद्धकोष्ठता, खिन्नता या सर्वांवर नियमित हालचाल हा उतारा आहे.

पॅरिसमध्ये गोळाफेकीच्या एफ-४६ गटात १६.३२ मीटर फेकीसह रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारी हेही सांगली जिल्ह्यातलेच, आटपाडी तालुक्यातील करगणीचे. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला आणि पुढे त्यात गँगरीन झाले. एफ-४६ हा हाताच्या अपंगत्वाचा गट. गोळा एका हाताने फेकला जात असला, तरी त्याचे बळ पाय, कंबर व पाठ यांतून वर चढत येते. शरीराचा एक भाग अधू झाला म्हणून उरलेले शरीर अधू होत नाही, ही साधी गोष्ट आपण घरोघरी विसरतो.

याच अनुषंगाने पालकांना एक सूचना. मुलाचा हात वा पाय मोडून प्लास्टर घातल्यावर अथवा घट्ट पट्टी बांधल्यावर वेदना वाढतच गेली, बोटे पांढरी, निळसर वा गार पडली, बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू काही तासांतच कायमचा निकामी होतो. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. कोलशेतच्या खाडीकाठी जिथे कारखाने होते, तिथे आज उंच इमारती उभ्या आहेत. अनेक संकुलांत तरणतलाव आणि व्यायामशाळा आहेत. तरीही पक्षाघातातून सावरलेले आजोबा, सेरेब्रल पाल्सी असलेली कन्या किंवा अपघातात पाय गमावलेला तरुण तिथे क्वचितच दिसतो. ‘डॉक्टर, पडला म्हणजे? थकला म्हणजे?’ हा प्रश्न मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. ‘लोक काय म्हणतील’ हा त्यामागचा न उच्चारलेला प्रश्नही ऐकू येतो. माया खरी असते. परंतु तिच्यापोटी घडणारी जपणूक पुष्कळदा अडवणूक ठरते. पडण्याचा धोका खबरदारीने कमी करता येतो. बसून राहण्याचे दुष्परिणाम मात्र शरीरात निमूटपणे साचत राहतात.

प्रारंभ कसा करावा? प्रथम आपल्या डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब व फुप्फुसे यांची तपासणी करून घ्यावी आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम आखून घ्यावा. विशेष मार्गदर्शनासाठी मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अपंग प्रौढांनीही शक्य असल्यास आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल. संवेदना नसलेल्या भागाची त्वचा व्यायामानंतर रोज पाहावी. लाली टिकून राहिली, तर त्या जागेवरचा दाब तत्काळ काढावा. फिट येणाऱ्याने एकट्याने पाण्यात उतरू नये. मज्जारज्जूची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोके ठणकू लागून चेहऱ्यावर घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढला असण्याचा संभव असतो. अशा वेळी रुग्णाला ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, मूत्रनलिका तुंबली आहे का ते पाहावे आणि त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र ज्यांनी घेतले नसेल, त्यांनी ते अवश्य घ्यावे. गृहसंकुलांच्या समित्यांनाही एक विनंती आहे. तरणतलावापर्यंत उतार, पाण्यात उतरताना धरायला कठडा आणि चाकाची खुर्ची आत जाईल एवढा रुंद दरवाजा, एवढे तरी करावे. पुढच्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय अवश्य घ्यावा. अपंग सदस्याच्या कुटुंबाने मागणी करण्याची वाट पाहू नये, कारण ते कुटुंब बहुधा संकोचाने गप्प राहते.

प्रत्येक घरातून पदकविजेता निघणार नाही, निघण्याची गरजही नाही. आपल्या माणसाला स्वतःच्या हाताने खुर्चीतून खाटेवर जाता येणे, हाही त्या घरापुरता मोठा विजयच असतो. त्याला मज्जाव तेवढा आपण करू नये.