देवगिरीचा दगड आणि कुणब्याचा दाणा

देवगिरीचा किल्ला पाहून आलेला जो तो सांगत सुटतो, "काय तो अजिंक्य गड!" आम्हीं शाळेंतलीं पोरें घेऊन तो गड अनेकदां चढलों आहों, आणि दर खेपेस हा 'अजिंक्य' शब्द ऐकून आम्हांस हंसूं येतें.

गडाची बळकटी खोटी नाहीं. सुमारें 600 फूट उंचीची सुटी टेकडी. तिच्या कडा तासून भिंतीसारख्या उभ्या केलेल्या. पायथ्याशीं खडकांत खोदलेला खंदक. वर जाण्यास काळोख्या वळणांची 'अंधारी'. बाहेर पुन्हां तटामागून तट. शत्रूनें शिडी लावावी तरी कोठें?

मग हा गड नमला कसा? 1296 सालीं अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हां राजा रामदेवराव यादव गडावर कोंडला गेला. तवारिखा सांगतात कीं, धान्य म्हणून घाईनें वर चढविलेल्या गोण्यांत मीठ निघालें. राजानें खंडणी कबूल केली. पुढें 1633 सालीं मोंगलांचा महाबतखान वेढा घालून बसला. सुरुंगानें तट उडाला खरा, पण निजामशाही शिबंदीला आंतून पोखरलें तें उपासमारीनें. कडा दोन्ही वेळां जागच्या जागींच होता. रिकामें होतें तें कोठार!

मिठाची ही गोष्ट कोणी दैवाचा फेरा म्हणून सांगतात, कोणी ती व्यापाऱ्याच्या माथीं मारतात. आम्हांस हें पटत नाहीं. ज्या यादवांच्या दप्तराचा मुख्य अधिकारी हेमाद्रिपंडित, ज्याच्या नांवावर व्रतादानांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ आहे, त्यांच्या राजधानींत गोणीचें तोंड सोडून पाहणारा एक माणूस नसावा? व्रतांची यादी पुरी आणि कोठाराची अपुरी! आमच्या कुणब्याघरची म्हातारीसुद्धां मूठभर दाणे हातावर घेतल्यावांचून गोणी उंबऱ्याच्या आंत येऊं देत नाहीं.

आणि तो कडा तासला कोणीं? राजांचीं नांवें पोरांस तोंडपाठ आहेत. ज्यांच्या टाकीनें डोंगर सरळ झाला ते पाथरवट, आणि त्या टाकीस धार देणारे लोहार, यांतल्या एकाचेंहि नांव पुस्तकांत नाहीं.

आज गड पुरातत्त्व खात्याकडे आहे. लोक तिकीट काढून चढतात, मेंढा तोफेजवळ उभे राहून तसबिरी काढतात. बंधूंनो, तुम्हींहि जा, जरूर जा. पण पोर बरोबर असेल तर त्याला अंधारीच्या तोंडाशीं थांबवून सांगा : बाळा, हा दगड आपल्यासारख्यांनींच तासला, आणि गडावरची चूल आपल्यासारख्यांच्याच दाण्यावर पेटत होती. तो दाणा वर पोंचेनासा झाला, त्या दिवशीं गड गेला.