चालती गाडी वारसा नसते म्हणे!

आपल्या देशात जुन्या गाडीला दोनच गती आहेत. ती एखाद्या संस्थानिकाची असली तर तिला रेशमी फडक्याने पुसतात, हार घालतात, मुंबईच्या रस्त्यावर फेरी काढतात आणि पेपरात फोटो छापतात. ती गावातल्या माणसाची असली, तिच्या हौद्यात भाताची पोती नि माशांच्या टोपल्या गेलेल्या असल्या, तर तिचा एकच भाव होतो. किलोवर. भंगारवाला येतो, बोनेटवर थाप मारतो नि विचारतो, "काट्यावर घालायची का शेट?"

माझं भांडण भंगारवाल्याशी नाही. त्याचा तो धंदा आहे. भांडण आहे ते वारसा कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्यांशी.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षं चालते. नियम वाचताना बरं वाटतं. पुढच्या अटी वाचल्या की कळतं की पंगत मांडली आहे, पण आपलं पान नाही. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चाशी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. गाडी खाजगी वापराची हवी, धंद्याची नको. आणि एवढं करून नोंदणी मिळाली तरी ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, तेल भरणं, एवढ्यापुरतीच.

म्हणजे जी गाडी राबली ती बाद. जी गाडी सावलीत उभी राहिली ती वारसा.

आमच्या घरची पिकअप म्हणजे महिंद्राची लांब चाशीची जीप. साठच्या दशकातली, आमच्याकडे आली १९७४ साली, तीही वापरलेली. ही जीप मुळात विलीज कंपनीची, अमेरिकेतली. महिंद्रांनी मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. ती कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. इकडे जीप राहिली आणि गावागावांत शिरली. एवढा इतिहास ज्या पत्र्यात आहे त्याला दालन नको, कोनाडाही नको, पण निदान 'भंगार' म्हणू नका.

या गाडीने काय केलं? पेणच्या खारेपाटातून गिरणीपर्यंत भात नेलं. उन्हाळ्यात वाशी-शिर्कीकडे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले की पिंपं भरून पाणी नेलं. रेवदंड्याहून बर्फातली मासळी रोह्याच्या बाजारात आणली. श्रावण लागला की हमरापूर, जोह्याचे गणपती पेंढ्यात बसवून पोचवले, आणि पेणचा गणपती फुटला नाही म्हणजे ड्रायव्हर चांगला, हीच आमच्याकडे ड्रायव्हरची परीक्षा. रात्रीअपरात्री बाळंतीण नेली. रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीला माणसं नेली. दसऱ्याला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर तिलाही झेंडूची माळ पडायची, कारण ती औजारच होती. तिला 'क्लासिक' म्हणणारा कोणी भेटला असता तर आजोबांनी त्याला आधी पोती उतरवायला लावली असती.

आता तिच्या 'मूळ रूपा'चं बोलू. मूळचं इंजिन पेट्रोलचं, हरिकेन नावाचं, सव्वादोन लिटरच्या आसपासचं. जोर भरपूर, पण प्यायचं बेवड्यासारखं. १९७३च्या अखेरीस अरब देशांनी तेल अडवलं, जगभर भाव भडकले, आणि पेट्रोलवर मालाची गाडी चालवणं म्हणजे भात विकून कोंडा आणणं झालं. मग मिस्त्रीने तिला डिझेलचं इंजिन बसवलं. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी हौद्यात साचून पत्रा खाल्ला, तेव्हा तळाला ऐनाच्या फळ्या आल्या आणि कोपऱ्यांत पाणी जायला भोकं पडली. गणपतींसाठी वर लोखंडी कमानी आल्या, त्यांवर ताडपत्री. पोती चढवणारी माणसं म्हातारी झाली तसा फाळक्याखाली पायरीचा पत्रा लागला. यातला कोणता बदल हौसेचा होता? एकही नाही. प्रत्येक बदलामागे एक अडचण होती आणि ती अडचण आमच्या तालुक्याची होती. त्या गाडीवरून हात फिरवला तर पेण-रोह्याचा पन्नास वर्षांचा व्यवहार हाताला लागतो. असल्या गाडीला 'फेरफार झालेली' म्हणून नाकारायचं असेल तर प्रत्येक जुन्या घरालाही नाकारा. आपल्याकडे कोणतं घर मूळ रूपात आहे? पडवी मागून निघाली, कौलं मंगलोरी आली, न्हाणीघर आत आलं. म्हणून ते घर जुनं नाही?

दुसरीकडे फेरफाराचा कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी सोय करून ठेवली. हेतू वाईट नाही. कोणी बसची चाशी कापून लांब करील, कोणी टाकी नको तिथे बसवील, त्यात माणसं मरतात. पण हौद्याच्या पाण्याला वाट करून देणारा आणि रस्त्यावर शर्यती लावणारा, या दोघांना एकाच दोरीत बांधण्याला शहाणपण म्हणत नाहीत.

लोक म्हणतात, जुन्या गाड्या धूर सोडतात. खरं आहे, सोडतात. मी त्याला नाही म्हणणार नाही. पण आमच्या मिस्त्रीकडे बसला असता तर कळलं असतं की धूरही बोलतो. काळा निघाला तर डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय, फिल्टर बघा, पंप बघा. निळा निघाला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा राहिला तर कच्चं डिझेल बाहेर पडतंय किंवा पाणी शिरतंय, हेडचं गॅस्केट तपासा. मिस्त्री म्हणायचा, "गाडी मेली नाय, आजारी हाय. आजाऱ्याला दवाखान्यात नेतात, मसनात नाय." नीट केलेलं जुनं इंजिन आणि हेळसांड झालेलं सात वर्षांचं इंजिन यांना शेजारी उभं करा आणि यंत्राने धूर मोजा. त्यात जी नापास होईल तिला खुशाल बंद करा, आमची असली तरी. परीक्षा गाडीची घ्या, तिच्या जन्मतारखेची नको. सरकारचं भंगार धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं तेही कागदावर तपासणीचीच भाषा बोलतं. पण तिकडे दिल्लीत डिझेलला दहा वर्षं नि पेट्रोलला पंधरा अशी नुसत्या वयाची रेघ ओढली गेली. आणि आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेची पाच हजार झाली. गाडी ठणठणीत असो की मोडकी, फी तीच. हा दंड वयाचा आहे, धुराचा नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर तिथे मी कायद्याच्या बाजूने आहे. हौद्यात वऱ्हाड भरून नेण्याचे दिवस गेले ते बरंच झालं. वळणावर गाडी कलंडली की हौद्यातली माणसं आधी बाहेर फेकली जातात. आता तिच्यात माणूस बसवायचा नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. पण मग रस्त्यालाही कोणी तपासा की! मालाच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. पळस्पे ते इंदापूर या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी पुरं झालं नाही. पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड, या पट्ट्यात पावसाळ्यात ज्यांनी गाडी चालवली त्यांना विचारा, पाटे कोणी मोडले. रस्त्याचा फिटनेस दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

हे झालं सरकारचं. आता आपल्यांतल्या हौशी मंडळींकडे वळतो, कारण जुनी गाडी मारण्यात त्यांचा वाटा कमी नाही.

फार्महाऊसची मंडळी आणि त्यांचं बघून आपलीही पोरं हल्ली जुन्या जीपा शोधत फिरतात. चांगली गोष्ट. पण करतात काय? कुजलेल्या पत्र्यावर बोटभर लांबी भरतात, वर चकचकीत रंग मारतात. आतला गंज जिवंतच राहतो, दोन पावसाळ्यांत फुगून बाहेर येतो. मग ट्रॅक्टरसारखे रुंद टायर. त्याने स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगं बसतात, ब्रेक अपुरे पडतात आणि मीटर खोटा वेग दाखवतो. पुढे लोखंडी बंपर, ज्यावर केंद्राने २०१७ सालीच बंदीचं पत्र काढलं आहे, कारण त्याला आपटलेला पायी माणूस उठत नाही. वर दिव्यांची पट्टी, म्हणजे भिसे खिंडीत समोरून येणारा आंधळा. आणि याला म्हणायचं 'रिस्टोरेशन'! एवढ्या पैशात मागचे ब्रेकचे ड्रम लेथवर घासून आले असते, मास्टर सिलिंडर नवा पडला असता, किंगपिनची बुशं बदलून झाली असती. पण बुशं फोटोत दिसत नाहीत.

घरी गाडी उभी करायची असेल तर काम खालून वर येतं, वरून खाली नाही. आधी चाशी उघडी करायची. हातोडीने टिचक्या मारत जायचं. टण्ण वाजलं तर लोखंड शाबूत, थप्प वाजलं तर आत पोकळ. पोकळ भाग कापून काढायचा, गंजावर वेल्डिंग करायचं नाही. मग रेड ऑक्साईड. पाटे सोडवून ठोकून त्यांची कमान परत चढवायची. ब्रेक, स्टिअरिंग, मग वायरिंग, मग इंजिन. रंग सगळ्यांत शेवटी, आणि तोही पैसे उरले तर. मे महिना संपायच्या आत खालून जळकं ऑइल फासायचं, कारण खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यापुढे कंपनीचा कोणताही लेप फार दिवस टिकत नाही. एखादा भाग कुठेच मिळाला नाही तर कुर्ल्याच्या भंगारात मिळतो, आणि तिथेही नसला तर लेथवाला करून देतो.

माझी खरी चिंता हीच आहे. करून देणारा लेथवाला आणि आवाज ऐकणारा मिस्त्री, दोघंही संपत आले. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती आला, मग बोलेरो पिकअप सगळीकडे झाल्या. चांगल्या गाड्या आहेत, धंदा त्यांच्यावरच चालतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, धूर कमी झाला, तेही चांगलंच. पण त्यांचं दुखणं संगणक लावल्याशिवाय कळत नाही आणि संगणक नाक्यावरच्या गॅरेजात नसतो. दिवा लागला की गाडी शोरूमला. आपला पोरगा मग दुरुस्त करायला नाही, नुसता सुटा भाग बदलायला शिकतो. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून संकेतस्थळ काढलं, त्यात मोटारीही आहेत. पण ज्याला दुरुस्ती येते तो माणूसच उरला नाही तर त्या हक्काला काय करायचं, लोणचं घालायचं?

जरा भाषेकडे बघा. 'टेम्पो' हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. पुण्याच्या बजाज टेम्पोने तिच्या परवान्याने गाड्या काढल्या. जर्मनीतलं ते नाव केव्हाच पुसलं गेलं, पुण्याच्या कंपनीनेही २००५ साली फोर्स मोटर्स हे नाव घेतलं. पण मराठीत टेम्पो कायमचा राहिला, आणि आमच्या रायगडात मिनीडोर अजून माणसं भरते. आमच्या लोकांनी या गाड्यांना शब्दकोशात जागा दिली. सरकारला नोंदवहीत देता येत नाही?

मागणं मोठं नाही. व्हिंटेजच्या नियमातली 'धंद्याची नको' ही अट काढा. पन्नास वर्षांत गरजेपोटी झालेले बदल अधिकाऱ्याने तपासावेत, सुरक्षित असतील तर कागदावर चढवावेत. फी वयावर न लावता धुरावर आणि ब्रेकवर लावा. आयटीआयच्या पोरांना वर्षातून महिनाभर तरी जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली बसवा, आणि त्या मिस्त्रीला त्याचे पैसे द्या.

आणि जीप शोधत फिरणाऱ्या पोरांना एवढंच सांगायचं: रंगाच्या दुकानात जाण्याआधी गाडीखाली निजा. पाठीला ऑइल लागू दे. मग काय बदलायचं नि काय तसंच ठेवायचं, ते तुमचं तुम्हाला कळेल. हौदा झाल्यावर मात्र त्यात काहीतरी भरा. भात भरा, पेंढा भरा, गणपती भरा. रिकामी पिकअप कितीही चकाकली तरी ती आमच्या लेखी अजून दुरुस्त झालेली नसते.