शिट्टी वाजली म्हणजे न्याय झाला काय?

गेल्या रविवारी सायंकाळी आमच्या शहरातील एका मैदानावर फुटबॉलचा एक सामना सुरू झाला आणि तो संपलाच नाही. खेळ पुरा होण्यास सात मिनिटे उरली असता एक संघ मैदान सोडून चालता झाला, आणि उरलेल्या संघाच्या गळ्यात पंचांनी विजयाची माळ घातली. चालती झालेली पोरे आमच्याच गल्लीतली. कोणी फाउंड्रीत घाम गाळणारा, कोणी वडगावात मागावर बसणारा, कोणी कॉलेजात जाणारा. पगारी खेळाडू त्यांत एकही नाही. जर्सीचे पैसे वर्गणीचे आणि बूट एकमेकांचे मागून घातलेले. घरची भाकरी खाऊन मैदानावर रक्त आटवणाऱ्या या पोरांचा राग आम्हांस कळतो, आणि म्हणूनच त्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस भाग आहे.

प्रथम घडले काय ते सांगतो. दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला होता. आमच्या डाव्या बगलेच्या खेळाडूने मारलेला चेंडू वरच्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागून गोलात पडला. चुन्याच्या रेषेपलीकडे चांगला वीतभर आत पडला, आणि चिखलात त्याचा वाटोळा ठसा उमटला. गोलकीपरने तो झटक्यात बाहेर ओढला. पंचमहाशय त्या वेळी मैदानाच्या मध्यावर दम खात उभे होते! कडेला झेंडा घेऊन जो गृहस्थ उभा केला होता, तो शेजाऱ्याशी गप्पांत दंग. गोल नाही! खेळ पुढे चालू! पुढच्याच मिनिटाला आमच्या बचावपटूच्या खांद्याला चेंडू लागला, तेव्हा मात्र पंचांची दृष्टी घारीसारखी तीक्ष्ण झाली. हात लागला, पेनल्टी! आमच्या गोलकीपरने ती पेनल्टी अडवली. तोच पुन्हा शिट्टी वाजली. गोलकीपर वेळेआधी हलला, पुन्हा मारा! दुसऱ्या खेपेस गोल झाला आणि आमच्या पोरांचा तोल गेला. आमच्या कप्तानाने पंचांच्या हातातील शिट्टी हिसकावली, हेही आम्ही लपवीत नाही. ते गैर झाले. त्यानंतर सारा संघ मैदानाबाहेर पडला.

रात्री नऊ वाजता अकराही जण, अंगावरचा चिखल तसाच, आमच्या कचेरीत येऊन थडकले. "काका, बॉल आत गेला होता की! सगळ्यांनी बघितलंय. उद्याच्या अंकात त्या पंचाची चामडी सोला!" त्यांतला एक जण म्हणाला, "आपण मराठी, म्हणूनच केलं त्यानं." आम्ही त्याला तिथेच थांबविले. त्याच्या शेजारी उभा असलेला गोलकीपर घरी कानडी बोलतो, आणि ती पेनल्टी छातीवर झेलली होती त्यानेच! पंचाची मातृभाषा कोणती हे आम्हांस ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नाही. निष्काळजी पंचाला भाषा नसते. आमचे भांडण कानडी भाषेशी कधीच नव्हते आणि आजही नाही. आमचे भांडण आहे ते आंधळ्या निर्णयाशी, आणि 'निर्णय झाला, आता गप्प बसा' म्हणणाऱ्या शहाण्यांशी.

या शहाण्यांची गावात कमतरता नाही. सोमवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर त्यांनी उपदेशाचे घुटके पाजण्यास सुरुवात केली. "खिलाडूवृत्ती हवी! पंचाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द! पाचांमुखी परमेश्वर!" वा रे परमेश्वर! पाचांच्या मुखी परमेश्वर असतो असे आमचे वाडवडील म्हणत आले, ते पाच जण पारावर बसून दोन्ही बाजूंचे ऐकून घेत म्हणून. एकट्याच्या शिट्टीत परमेश्वर असतो असे त्यांनी कधीही म्हटलेले नाही. फुटबॉलचा कायदा घ्या. खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम, हे त्यात आहेच. परंतु खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी आपली चूक कळली तर पंचाने निर्णय बदलावा, हीही मुभा त्याच कायद्यात आहे. म्हणजे पंच चुकू शकतो हे खुद्द कायद्यालाच मान्य आहे. मान्य नाही ते फक्त आमच्या उपदेशकांना!

परंतु पोरांनो, उपदेशकांना दोन फटके दिले म्हणून तुम्ही टाळ्या पिटू नका. चेंडू आत गेला, हे तुमचे खरे. मैदान सोडले, ही तुमची चूक. ती केवढी महाग पडते हे समजण्यासाठी तुम्हांला जरा दूर, 1936 सालच्या बर्लिनला नेतो.

बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉल हौशी खेळाडूंसाठीच होता. ऑस्ट्रियाचे नामांकित धंदेवाईक वीर घरी राहिले आणि त्यांचे हौशी खेळाडू बर्लिनला आले. दक्षिण अमेरिकेतून समुद्र ओलांडून पेरू या लहानशा देशाचा संघ आला. पहिल्याच सामन्यात त्याने फिनलंडचा 7-3 असा फडशा पाडला, आणि त्यांतले पाच गोल एकट्या लोलो फर्नांदेझचे! 8 ऑगस्ट रोजी पेरू आणि ऑस्ट्रिया समोरासमोर उभे राहिले. मध्यंतरापर्यंत ऑस्ट्रिया दोन गोलांनी पुढे. सारे संपले असे वाटत असता अखेरच्या पंधरा मिनिटांत पेरूने दोन्ही गोल फेडले. जादा वेळ देण्यात आला. त्यात पेरूचे तीन गोल पंचांनी नामंजूर केले. तीन! तरीही पेरूची पोरे डगमगली नाहीत. नामंजूर झालेले गोल मोजत बसण्याऐवजी त्यांनी आणखी दोन केले, आणि सामना 4-2 असा जिंकला.

न्याय येथे संपावयास हवा होता. अन्यायाला तेथूनच प्रारंभ झाला. प्रेक्षक मैदानात घुसले, आमच्या खेळाडूस मारहाण झाली, अशी तक्रार घेऊन ऑस्ट्रिया फिफाच्या अपील समितीकडे गेली. समितीने मैदानावरचा निकाल रद्द ठरविला आणि 10 ऑगस्ट रोजी सामना पुन्हा खेळावा, तोही प्रेक्षकांना बाहेर ठेवून, असे फर्मान काढले. आमची बाजू ऐकूनच घेतली नाही, असा टाहो पेरूने फोडला. तो कोणाच्याही कानी गेला नाही. दिवसाउजेडी हजारो डोळ्यांदेखत जे जिंकले, ते बंद खोलीत मूठभर माणसांनी हिरावून घेतले! हे सारे हिटलरने केले, अशी कथा पुढे रूढ झाली. पण निर्णय हिटलरचा नव्हता. तो होता फुटबॉलच्या प्रतिष्ठित कारभाऱ्यांचा. अन्याय करण्यास दरवेळी हुकूमशहाच लागतो असे नाही. इस्त्रीचे कपडे घातलेली आणि ठरावाची भाषा जाणणारी चार सभ्य माणसेही पुरतात.

पेरूने काय केले? तुम्ही केले तेच. फेरसामन्यास नकार दिला आणि साऱ्या खेळाडूंनिशी बर्लिन सोडले. कोलंबियानेही त्याची पाठराखण केली. लिमा शहरात लोक खवळून रस्त्यावर आले आणि जर्मन वकिलातीवर दगड पडले. त्या स्वाभिमानाला आमचाही मुजरा! परंतु इतिहासाची वही निर्दय असते. न खेळताच ऑस्ट्रिया उपान्त्य फेरीत गेली, पोलंडला हरवून अंतिम सामन्यात पोहोचली, तेथे इटलीकडून 2-1 अशी हरली आणि रौप्यपदक घेऊन घरी गेली. पेरूच्या पदरी पदक नाही, फेरविचार नाही, काही नाही. त्याच्या वाट्याला राहिली ती एक जखम आणि एक आठवण.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. कलकत्त्याच्या लीगमध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने 1934 पासून 1938 पर्यंत लागोपाठ पाच वर्षे अजिंक्यपद पटकावले होते. 1939 साली पंचगिरीचा आणि कारभाराचा निषेध म्हणून मोहमेडन, ईस्ट बंगाल आणि कालीघाट हे संघ लीगमधून बाहेर पडले. लीग थांबली काय? मुळीच नाही. त्या वर्षीचे अजिंक्यपद मोहन बागानने घेतले. ते त्यांचे पहिलेच लीग अजिंक्यपद! निषेध करणारे मैदानाबाहेर राहिले आणि निकाल मैदानावरच लागला. मैदान रिकामे राहत नाही, पोरांनो. तुम्ही उठलात की त्या जागेवर दुसरा बसतो.

आता तिसरे उदाहरण पाहा. 2010 च्या विश्वचषकात ब्लूमफाँटेनच्या मैदानावर इंग्लंडच्या लॅम्पार्डने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू, थेट तुमच्यासारखाच, वरच्या दांड्याला लागून रेषेच्या आत पडला. साऱ्या जगाने पाहिला. पंचाने पाहिला नाही. इंग्लंड तो सामना 4-1 असा हरले, पण मैदान सोडून गेले नाही. मात्र त्या एका चेंडूने जगाला स्वस्थ बसू दिले नाही. जी फिफा आजवर यंत्राच्या मदतीला नकार देत आली होती, तिच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. 2012 साली चेंडू रेषेपार गेला की नाही हे सांगणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली आणि 2014 च्या विश्वचषकात ते बसविण्यात आले. 2018 पासून तर चित्रफीत पाहून पंचाने स्वतःचा निर्णय फिरवावा हेही कायद्यात आले. इंग्लंडला तो सामना परत मिळाला नाही हे खरे. पण 'पंचाचा शब्द अखेरचा' या देवाच्या मूर्तीला तडा गेला, तो पुरावा हातात धरून ओरडत राहिलेल्यांमुळे.

चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेलच की आम्ही आता केवळ फुटबॉलविषयी बोलत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमच्याविरुद्ध एक शिट्टी वाजली. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, बिदर, भालकी येथील मराठी माणूस, त्याला न विचारता, त्याच्या इच्छेविरुद्ध म्हैसूर राज्यात ढकलला गेला. तत्पूर्वी 17 जानेवारी 1956 रोजी आमची माणसे गोळीबारात पडली. त्यानंतर दहा वर्षांनी, सेनापती बापटांच्या उपोषणाचे वर्ष ते, महाजन आयोग नेमण्यात आला. 1967 साली त्याने निवाडा दिला की निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव मात्र देऊ नये. "पंच तुम्हीच मागितला होता ना? मग आता निकाल का नाकारता?" असा प्रश्न आम्हांस आजही विचारला जातो. सरळ उत्तर देतो. आम्ही पंच मागितला तो नियमपुस्तकासह. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा असे मोजमाप लावले. 1959 साली संसदेने त्यावर कायदाही केला. तेच माप आमच्या मैदानावर येताच बदलले! एका गोलाची रुंदी आठ यार्ड आणि दुसऱ्याची चार, अशा मैदानावरचा निकाल मुकाट्याने मानणे म्हणजे खिलाडूवृत्ती नव्हे. ती शरणागती होय.

आणि खेळ संपला तरी कोठे आहे? आयोगाची शिफारस म्हणजे कायदा नव्हे. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि त्या अधिकाराला मुदतीची अट नाही. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 865 गावांविषयीचा ठराव एकमताने केला. चिखलातला ठसा अजून पुसला गेलेला नाही!

पण आमच्यातच आता एक नवा सूर ऐकू येऊ लागला आहे. "किती वर्षे झाली, सोडा आता! मोर्चा नको, मेळावा नको, मतदानही नको. पोरांना पुण्यामुंबईस धाडा आणि मोकळे व्हा." हा सूर काढणाऱ्यांना आम्ही विचारतो, हे मैदान सोडून जाणे नव्हे तर दुसरे काय? तुम्ही उठलात की तुमच्या गल्लीची पाटी कोणी लिहावी, तुमच्या शाळेत कोणती भाषा चालावी, तुमच्या सातबाराचा उतारा कोणत्या लिपीत मिळावा, हे सारे तुमच्यावाचून ठरेल; आणि उद्याच्या वहीत लिहिले जाईल की समोर कोणी उभाच नव्हता.

म्हणून पोरांनो, तुमच्या मागणीप्रमाणे पंचाची चामडी आम्ही सोलणार नाही. त्याचे नावही छापणार नाही. कप्तानाने शिट्टी हिसकावल्याबद्दल आधी जाऊन माफी मागावी. मग त्याच पावली लेखी तक्रार द्यावी. ठशाचे छायाचित्र कोणी काढले असेल तर ते सोबत जोडावे. प्रत्येक सामन्याला दोन्ही कडांना जाणते लाइन्समन हवेत, ही मागणी लेखी करावी आणि ती मान्य होईपर्यंत दर आठवड्याला तिची आठवण द्यावी. दार बंद करून निकाल लागू लागला तर दाराशी बसावे. पण बसावे मैदानाच्या आतल्या बाजूस. आणि पुढच्या रविवारी अकराच्या अकरा जणांनी बूट बांधून वेळेवर हजर राहावे.

पेरूने जादा वेळेत काय केले ते विसरू नका. तीन गोल नाकारले गेले, तेव्हा त्यांनी चौथा मारला.