आधी तास मोजा, मग फी भरा



बारावीचा निकाल लागला की आमच्या खान्देशात ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशी पत्रकं हातात पडू लागतात. वकिली मी बऱ्याच बायकांची केली, पण या पत्रकांपुढे माझं चालत नाही. डॉक्टरकीला पैसा नाही, नर्सिंगला रातपाळी म्हणून घरचे नको म्हणतात. लॅब म्हणजे चार भिंतींतलं काम. केळीच्या बागेत रोजंदारी करणारी माय कानातलं गहाण ठेवते आणि अभिमानानं सांगते, ‘मनी पोर लॅबमा शे.’ पोर तिथं काचपट्ट्या धुते, रक्त घेते. पगाराचं विचारूच नका.

२०२१ साली संसदेनं सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्यात पदविका किंवा पदवीसाठी किमान २००० तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत, असं स्पष्ट आहे. सहा महिने रोज आठ तास घासले तरी दीड हजाराच्या वर जात नाहीत. उरलेलं शिक्षण कुठे गेलं?

ते कुठे नडतं पाहा. शिरपूर-साक्रीकडच्या पावरा, भिल्ल वस्त्यांत सिकलसेल आहे. साधी विद्राव्यता चाचणी एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मुलगी नुसती वाहक की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतं. हा फरक कुणी शिकवलाच नाही तर कागदावर ‘पॉझिटिव्ह’ पडतं आणि धडधाकट पोरीची सोयरीक मोडते. दोष मात्र लॅबमधल्या पोरीच्या माथी, शिकवणारा नामानिराळा!

शासनानं जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इमाव, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मराठा कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली. पण ती केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्यांना. दुकानवजा क्लासमध्ये गेलेलीला यातलं काही नाही. आणि खोलीभाडं, खानावळ, एसटीचा पास? मुलीचं शिक्षण बहुधा तिथंच अडतं. म्हणून धुळ्याच्या आणि २०१८ साली सुरू झालेल्या जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींसाठी या विषयांच्या पुरेशा जागा आणि वसतिगृह, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर येत्या जूनमध्ये प्रत्येक गटानं आपल्या तालुक्यातल्या अशा क्लासवर जावं, आयांना सोबत घेऊन. तीनच गोष्टी लेखी मागाव्या: मान्यता कोणाची, तास किती, प्रत्यक्ष काम कोणत्या दवाखान्यात. मिळालेली उत्तरं, आणि न मिळालेलीही, आम्हाला कळवा; पुढच्या अंकात तालुकावार छापू.