गुळाला रंगाचा दर, मग बन्सीला का नाही?

गुळाच्या सौद्यात ढेपेचा रंग बघून बोली चढते-उतरते, हे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. पण तोच शेतकरी बन्सी गहू विकायला नेतो, तेव्हा पिवळाधमक कडक दाणा आणि पांढरट डागाळलेला दाणा बहुधा एकाच भावात जातो. "साहेब, रंग आला म्हणून जादा पैसे कोण देणार?" असं शेतकरी बांधावर विचारतात, तेव्हा उत्तर देणं जड जातं.

शेवया, रवा आणि आता पास्ता यांना तीन गुण लागतात : पिवळा रंग, भरपूर प्रथिने आणि चिवट कणीक. रंग तर मुख्यतः वाणातूनच येतो. पूर्वी पीक काढून, दळून बघितल्याशिवाय हे गुण पैदासकाराला कळत नसत. आता रोपाच्या पानाचा तुकडा तपासला तरी भागतं. मारुतीच्या देवळाच्या खुणेवरून शेजारचं घर सापडावं, तसा जनुकाजवळच्या खुणेवरून गुण सापडतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पंजाबचा पीडीडब्ल्यू २३३ आणि भालेगाव ४ यांच्या संकरातून पिवळ्या रंगाची अशी जागा शोधली. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आपल्या खपलीच्या रानटी पूर्वजातलं प्रथिने वाढवणारं जनुक २००६ सालीच हाती आलं आहे. कणीक मळताना रंग उडवणारं विकर कमी असलेली रोपंही खुणेवरून निवडता येतात.

पण बियाणं निम्मंच काम करतं. आपल्याकडे उसाला पोत्यावर पोती आणि गव्हाला उरलंसुरलं. नत्र कमी पडलं की बन्सीचा दाणा पिठूळ होतो, त्यावर पांढरे डाग येतात. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. निम्मं पेरताना, निम्मं एकविसाव्या दिवशी पहिल्या पाण्याला. तसंच मळणीयंत्रात आधीचा सरबती राहिला, तर चांगल्या बन्सीचीही भेसळ होते.

म्हणून आमचं सांगणं सरपंच, ग्रामसेवक आणि विकास सोसायटीच्या संचालकांना आहे. गावात बन्सीचा एकच वाण ठरवा. निफाडचा गोदावरी किंवा आघारकरचा एमएसीएस ३१२५ असे बागायती वाण आहेत. मळणी वेगळी करा, पोती वेगळी ठेवा. पेरणीआधीच शेवयांचे बचत गट आणि रव्याच्या गिरण्यांना मूठभर नमुना दाखवून दराचं बोला. एकट्याच्या चार पोत्यांसाठी कोणी थांबणार नाही, गावाच्या शंभर पोत्यांसाठी व्यापारी दारात येईल.

शास्त्रज्ञ दाण्यात रंग भरतील. त्याचा दर मात्र आपल्यालाच मागून घ्यावा लागेल. गुळाचा सौदा करणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड नाही.