नवा शॉकअप आला, पण चाक बसेना!

मंडळी, गिअरवाल्या सायकलसाठी शॉकअपचा चिमटा ऑनलाइन मागवला. नवेगाव बांधच्या मिस्त्रीभाऊकडे नेला, तर जुनं चाक बसेचना. आपला हब १०० मिमी रुंद, ९ मिमीच्या क्विक रिलीजचा. नव्या चिमट्याला पाहिजे ११० मिमीचा हब अन् १५ मिमीचा आरपार एक्सल. विकणाऱ्यानं लिहिलं काय, तर फक्त '२९ इंच'! चाकाचा घेर जुळला म्हणून हब जुळत नाही ना भाऊ.

वायसर कोंबून, आवळून द्या म्हटलं, तर मिस्त्रीनं साफ नाही सांगितलं. बरंच केलं, जंगलाच्या उतारावर पुढचं चाक निसटलं तर दात कोण मोजणार? परत घ्यायला विकणारा तयार नाही, 'डबा उघडला' म्हणे.

दोन आकडे छापायला असे किती पैसे लागतात? कोणी मागवणार असाल, तर हब आधी मोजून घ्या.